खोबरेल लावलेला खोका

समुद्राकाठच्या माणसाचं गंजाशी जन्माचं वैर. कोयती, कुलूप, शिवणयंत्र, सायकलची घंटा, जे जे गंजेल त्याला आमच्याकडे खोबरेल तेलाचं बोट लागतंच. मी रत्नागिरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान उघडलं तेव्हा आईने आधी दाराच्या कडीकोयंड्याला तेल लावलं आणि मग हळदकुंकू. मीही तसाच वाढलो. तेल लावलं की वस्तूची काळजी घेतली असं वाटून जीव निवांत व्हायचा. त्याच एका बोटभर तेलाने मी आमच्या डॉक्टरीणबाईंचं फिरणं कायमचं बंद करणार होतो, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. बाईंचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू होता, त्यामुळे क्लच दाबणं त्यांना शक्यच नव्हतं. मस्कतहून कायमच्या परतलेल्या त्यांच्या भावाने सोबत आणलेली जपानी गाडी त्यांना देऊन टाकली होती. स्टिअरिंग डाव्या हाताला, क्लच नाहीच, गिअर आपले आपण पडायचे. ती गाडी घेऊन बाई एकट्या पावस गावाच्या बाजूच्या वाड्यावाड्यांतून बाळंतपणं करत फिरायच्या. ड्रायव्हर ठेवा, असं कोणी सुचवलं की म्हणायच्या, "म्हणजे ड्रायव्हर मोकळा असेल तेव्हाच बाळंतिणीने कळा द्यायच्या का?"

त्या पावसाळ्यात गाडी दगा द्यायला लागली. अर्धा तास चालून तापली की गिअर दुसऱ्यातच अडकायचा, मग इंजिन आचके देऊन बंद. भाट्याची खाडी ओलांडून सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढणारा जो रस्ता आहे, तिथे तर दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी वाडीतली चार माणसं खुर्ची घेऊन आली आणि बाईंना उचलून पेशंटच्या घरी घेऊन गेली. मूल सुखरूप जन्मलं. पण मला ते सांगताना बाईंचा चेहरा उतरला होता. "पुन्हा मला कोणी उचलायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सगळं तपासलं आणि मला बोलावणं धाडलं. पुढच्या सीटसमोरच्या खणामागचा एक चपटा पत्र्याचा खोका त्यांनी मला दाखवला. "इंजिनात काय नाय, ऑइलात काय नाय. इंजिन नि गिअर दोनीव ह्या खोक्याच्या सांगण्यावर चालतत. ह्यो कॉम्प्युटर हाय म्हनं. ह्या माजा काम नाय, ह्या तुमचा." कॉम्प्युटर मी तोवर फोटोतच पाहिलेला. पण रत्नागिरीत तारा आणि सोल्डर म्हटलं की लोकांना मीच आठवायचो, आणि खरं सांगायचं तर त्या मोठेपणाला मी भुललो.

भावाने मस्कतच्या मित्राकडून नवा खोका मागवला. सोबत बाईंना चिठ्ठी लिहिली: एवढा शेवटचा प्रयत्न, नाही जमलं तर गाडी विकू आणि तू दवाखान्यात बसूनच काम कर. बाईंनी ती चिठ्ठी मला वाचायला दिली. 

खोका सोमवारी आला, बसवायचा होता रविवारी. मधले दिवस तो माझ्याच ताब्यात. श्रावणातली दमट हवा, काडेपेटीसुद्धा पेट घेईना. दुकानातल्या ज्या कपाटात मी दमटपणावर उपाय म्हणून सतत विजेचा दिवा लावून ठेवायचो, त्यात तो ठेवला. तरी चैन पडेना. रोज दार उघडून बघायचो. बुधवारी मला त्याच्या पितळी पिनांवर काळपट छटा दिसली, किंवा दिसली असं वाटलं. मग काय, बोटावर खोबरेल घेतलं आणि एकेका पिनेला हलक्या हाताने लावलं. त्या रात्री बरी झोप लागली.

रविवारी बाईंच्या अंगणात गाडी उभी होती. बाई पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून बघत होत्या. बॅटरीची तार सोडून मी जुना खोका काढला. नवा हातात घेतला तर पिनांच्या खाचेतून तीनचार तांबड्या मुंग्या निघाल्या. मिस्त्री म्हणाले, "मुंग्या हत की."

"असू देत. रेडिओत रोज असतात," मी म्हणालो. फुंकर मारली, झटकलं आणि खोका जोडला. आजही ती फुंकर आठवली की मला स्वतःचा राग येतो.

बॅटरीची तार जोडून मिस्त्रींनी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिनाने काही दाद दिली नाही. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा जळका वास आला. मी खोका ओढून काढला आणि झाकण उघडलं. तेलाचा वास, दिव्याची ऊब, मुंग्यांनी आत अख्खा संसार मांडला होता. पांढऱ्या अंड्यांच्या रांगा, चिरडलेल्या मुंग्या, आणि मधोमध शाईच्या थेंबाएवढा काळा डाग. तिथलं सर्किट जळून गेलं होतं.

जुना खोका बाजूला पडला होता. मला तो फक्त बदलायला सांगितलेला, उघडायला नाही. पण आता बिघडायचं काय शिल्लक होतं? झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. अर्ध्या तासाने एका भागाच्या जाड पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. असली चीर मी हजार रेडिओंत पाहिली होती. गरम झालं की जोड सुटतो, थंड झाला की टेकतो. तशा आणखी दहा सापडल्या. दोन्ही कोपर टेकवून एकेक जोड नव्याने सोल्डर केला.

मग पडवीत जाऊन बाईंना सगळं सांगितलं, तेलासकट.

"म्हणजे नवा गेला."

"गेला. माझ्याच हाताने."

"आणि जुना?"

"चालेल, असं वाटतं."

बाई खुर्चीतून उठल्या. "पेशंटच्या नवऱ्याला मीही असंच सांगते," म्हणाल्या. "जोडा. पावसच्या वाटेवर एक नवव्या महिन्यातली आहे, तिला आज बघायचंच होतं. तुम्ही शेजारी बसा."

इंजिन सुरू झालं. भाट्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होतो, चढ लागला तसा ते घेणंही विसरलो. गाडी तापली होती. दोनदा बंद पडली होती त्याच वळणावर माझा पाय नसलेल्या क्लचवर जोर देत होता. वळण गेलं. सडा लागला. आणि दुसऱ्यातून तिसरा पडताना बसतो तो हलका धक्का बसला.

बाईंनी लगेच गाडी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला लावून थांबवली. काहीतरी बिघडलं असं वाटून मी खोक्याकडे वाकलो.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. तुम्ही त्या खोक्याकडे बघत बसलात की माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही. आणि उद्या तुम्ही शेजारी असणार आहात थोडेच?"

"पण पुढे बंद पडली तर?"

"तर उचलतील चार जण. पण तिथवर मी माझी एकटी आलेली असेन."

मी उतरलो. गाडी निघाली. मी कान देऊन उभा राहिलो: पहिला, दुसरा, आणि पार लांब, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असा तिसरा. मला रडू आलं, ते तिथे बघायला कोणी नव्हतं म्हणून सांगायला हरकत नाही.

परत जायला पाहिजे होतं, पण पाय निघेना. ज्या वळणावर त्यांना खुर्चीत बसवून उचललं होतं तिथवर मागे आलो आणि तिथल्याच गडग्यावर बसून राहिलो. दोन तासांनी गाडी आली. बाईंनी मला पाहिलं. थांबल्या नाहीत. हॉर्न तेवढा वाजवला आणि उतार उतरून गेल्या. मी चालत घरी आलो.