बाळ येशूचं विसर्जन

पाप म्हणजे काय, हे वयाच्या बाविसाव्या वर्षी मला सगळं ठाऊक होतं. आज नातवंडं विचारतात तेव्हा मी चष्मा शोधायला लागते. तेव्हा मी परभणीत सिस्टरांच्या शाळेत मराठी शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, आणि शुद्ध मराठी जिल्ह्यात आपल्याशिवाय कुणाला येत नाही ही खात्री. मोठ्या सिस्टर केरळच्या. शाळा सुटली की त्यांनाही मीच व्याकरण शिकवायची.

नाताळच्या आधी शाळेच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, येशूच्या जन्माचा गोठा मांडतात. गवत, गाय, गाढव, मरिया, योसेफ आणि मधे प्लास्टरचं बाळ. त्या वर्षी मूर्तींची पेटी माळ्यावरून काढून तिथं ठेवलेली दिसली. नुसतं बघावं म्हणून मी बाळ उचललं आणि ते हातातून निसटलं. मान एकीकडे, धड एकीकडे.

दुसऱ्या कुणी सिस्टरांना हाक मारली असती. पण मी भिक्षुकाची लेक. खंडित मूर्ती ठेवायची नसते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ. मी बाळ रुमालात गुंडाळलं, रविवारी गंगाखेडची एस.टी. पकडली आणि कमरेइतक्या गोदावरीत उभं राहून, हळदकुंकू वाहून, ‘पुनरागमनाय च’ म्हणत विसर्जन केलं. वर स्वतः तीन डुबक्या मारल्या. मूर्ती गेली, पाप गेलं, भूक लागली. घाटावर गरम भजी खाल्ली.

सोमवारी पेटीत बाळ नाही. चॅपेलची झाडलोट करायला पेडगावहून एक मावशी यायच्या. त्यांच्याशिवाय आत कोण जातं? सिस्टरांनी त्यांना आमच्या सगळ्यांदेखत विचारलं. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

“बारा वर्सं झाडायले इथं. चोर म्हनून न्हाई झाडायची,” म्हणाल्या आणि चालत्या झाल्या.

मी तिथंच उभी होते. हातात खडू, तोंडात मूग.

बुधवारी शाळेच्या शिपायानं सांगितलं, पेडगावात बोभाटा झालाय, मावशींची जाऊ म्हणते, देव चोरणारीच्या हातचं पाणी नको. मी मात्र रोज ‘सदा सर्वदा’ पाठ करून घेत होते. इतकी गुणी होते मी.

गुरुवारी सिस्टरांचा धडा. त्या वहीत डोकं घालून म्हणाल्या, “तुमच्या मराठीत कप फुटतो, दूध सांडतं, उशीर होतो. करतं कोण मग?”

माझ्याच्यानं राहवेना. “सिस्टर, बाळ येशू फुटला.”

त्यांनी वर बघितलं.

“आणि मग... गंगाखेडला गेला.”

“एकटाच?”

मग सगळं सांगितलं. हळदकुंकू ऐकल्यावर त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून पुसावा लागला. पण पुसून परत घातला तेव्हा हसू नव्हतं.

“बाळ निसटलं, ते पाप नाही. नदीत सोडलं, तेही नाही. तुम्ही मानच दिला. माहीत असून, आपल्या मर्जीनं केलं, तर पाप. सोमवारी मावशी निघाल्या. तुम्हाला माहीत होतं. तोंड उघडता येत होतं. ते पाप.”

मी लगेच पदर खोचला. आमच्या घरी पापागणिक उतारा ठरलेला. “किती उपवास करू?”

“मला पापांची माफी देता येत नाही. ते फादरांचं काम, आणि तुम्ही आमच्यातल्या नाहीत. पण देवाला उपाशी बाई बघून काय मिळतं? तुम्ही नुसत्या मागे वळा, तो दारात उभाच असतो. मावशींचं नाव गेलंय, ते मात्र परत करा. उद्या पेडगावला जाऊ.”

“तुम्ही कशाला?”

“मी संशय घेतला.”

‘आला’ नाही म्हणाल्या. ‘घेतला’ म्हणाल्या. माझी व्याकरणाची पदवी तिथल्या तिथं परत करावीशी वाटली. इतकी वर्षं झाली, इतकी नितळ कबुली मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

मावशींच्या अंगणात जाऊ होती, शेजारणी होत्या. सिस्टर पांढऱ्या झग्यानिशी शेणानं सारवलेल्या भुईवर बसल्या, हात जोडले आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. मग माझी पाळी. “मूर्ती मी फोडली. गंगेत मी सोडली. गप्पही मीच बसले.”

“मोठ्यानं म्हना बाई,” मावशी म्हणाल्या. “जावंला आयकू येईना.”

तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा पलीकडच्या आळीतनं माणसं आली. जाऊ उठली आणि पाण्याचा तांब्या मावशींच्या हातात देऊन म्हणाली, “द्या पावन्याला.”

मावशींनी तो सिस्टरांपुढं धरला. “शिष्टर, तुमाला माफ केलं. तुमी आलाव. उद्या येते कामावर.”

“आणि मला?” मी विचारलं.

“तुमाला बघू. गंगंला एकलीच गेलाव, मला न्हेलं न्हाई.”

त्या खरंच आल्या. सिस्टरांनी चॅपेलची किल्ली त्यांच्याच हाती दिली. नाताळच्या आदल्या दिवशी, नवं बाळ आलं तेव्हा, मी दाराशी उभी होते, हात पाठीमागं बांधून. मावशींनी बाळाचा कागद सोडवला, गवत सारखं केलं आणि माझ्याकडं बघितलं.

“या हिकडं. दोनी हातानं धरा.”

मी दोन्ही हात पुढं केले. मावशींनी खालून आपले हात लावले, आणि आम्ही दोघींनी मिळून बाळ गवतावर ठेवलं.