वाट बघणारा पियानो

पियानोवाल्या मामाचं घर शहराच्या एका टोकाला आणि पोट मात्र शहरभर पसरलेलं. सकाळी शहराच्या मध्यावरच्या मोठ्या बॅले कंपनीत नर्तकांच्या सरावाला वाजवायचं, आणि दुपारी बस बदलत उपनगरांतल्या बॅलेच्या शिकवण्या गाठायच्या. एक शिकवणी टायरच्या दुकानाच्या माडीवर, दुसरी बंद पडलेल्या छापखान्यात, तिसरी एका शाळेच्या जेवणघरात. तिथं टेबलं भिंतीला सारल्याशिवाय कुणाला पाय उचलायची सोय नव्हती. कंपनीतला पियानो असा लखलखीत की त्यात बघून दाढी करावी. माडीवरचा म्हणजे दात पडलेला म्हातारा. त्याची एक पट्टी दाबली की वर यायलाच तयार नसायची, मग मामा ती नखानं उचलून पुढं चालू लागायचा. तुम्ही नेमकं करता काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, मुली उड्या मारतात आणि मी त्यांना खाली उतरवून घेतो.

थट्टेत म्हणायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. बॅलेला वाजवणाऱ्याचे डोळे कागदावर नसतात, पायांवर असतात. मामाला मुलींचे चेहरे उशिरा लक्षात राहायचे, पण घोटे एका दिवसात. रस्त्यात एखादी मुलगी हसली की बिचारा आधी खाली बघायचा आणि मग ओळख द्यायचा. यापायी त्यानं बोलणीही खाल्ली होती.

टायरवाल्याच्या माडीवर शिकवणाऱ्या बाई याच्या उलट. उड्यांची वेळ आली की त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि नुसतं ऐकायच्या. डोळ्याला सुंदर मुलगी फसवते, कानाला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाय सुराबरोबर टेकला तर ठीक, सुरानंतर टेकला तर बाई पाठमोऱ्याच त्या मुलीचं नाव घ्यायच्या.

या वर्गात मामाची भाची होती. बहिणीची एकुलती एक. लहानपणी पायऱ्या उतरायच्या असतात हे ठाऊकच नव्हतं तिला, वरून थेट अंगणात उडी. म्हणून मामानं तिला टोळ म्हणायला सुरुवात केली, आणि बोट धरून माडीवर आणलं तेही त्यानंच. त्या वर्षी कंपनीच्या शाळेची निवड तोंडावर आली होती. ती शाळा सोळा वर्षांच्या पुढं कुणाला घेत नसे. टोळचं सोळावं सरत आलेलं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

आणि नेमकी तेव्हाच ती डाव्या पायावर उशिरा उतरू लागली. उशीर म्हणजे किती, तर पापणी लवावी इतका. पाय टेकवताना ती तो किंचित राखून ठेवायची. बाकी कुणाला दिसलं नाही, मामाला दिसलं. त्यानं विचारलं, तर टोळ म्हणाली, बूट नवा आहे, चावतो. मामाला ते पटलं नाही, तरी त्यानं पटवून घेतलं. मग त्याच्या बोटांनी आपणहून एक काम सुरू केलं. ती हवेत असली की सूर तिच्यासाठी थांबायचा आणि ती टेकली की टेकायचा. कानाला सगळं बरोबर. खिडकीपाशी बाई समाधानानं मान हलवायच्या.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी कंपनीत सराव चालू असताना तिथल्या गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि ते पियानोपाशी आले. आवाज चढवणारे नव्हते ते. त्यांनी हळूच विचारलं, "मामा, कुणाची वाट बघताय?"

मामानं समोर बघितलं. कंपनीचे कसलेले नर्तक, त्यांच्यात उशिरा उतरणारं कुणीच नव्हतं. तरी त्याचा हात दर डाव्या पायाला अडखळत होता. टोळचं लंगडणं त्याच्या बोटांत येऊन बसलं होतं. जे आपल्या बोटांत इतकं मुरलंय ते तिच्या हाडात किती मुरलं असेल, हा विचार त्याला सोडीना. त्या दिवशी घरी जाताना तो दोन थांबे पुढं निघून गेला.

निवडीच्या आधीचा शेवटचा शनिवार. माडीवर उड्या सुरू झाल्या, आणि मामानं दात आवळून सरळ वाजवलं. पहिली उडी, सूर आधी आणि पाय नंतर. दुसरी तशीच. टोळनं हवेतूनच त्याच्याकडे बघितलं. त्यानं नजर पट्ट्यांवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच तो वर्गात पायांकडे न बघता वाजवत होता. बाई खिडकीपासून वळल्या, त्यांनी तिला खाली बसवलं, बूट काढायला लावला. घोट्यापुढचा पाय सुजून तापला होता.

डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक तडा आहे, आणखी थोडे दिवस नाचली असती तर हाड तुटलंच असतं. निवड हुकली. बहीण भावाला एका शब्दानं बोलली नाही. टोळ बोलली, पाय प्लास्टरमध्ये, नजर भिंतीकडे.

"इतके दिवस थांबलास, मामा. अजून एक शनिवार थांबला असतास तर?"

तडा तिचा, पण तो झाकून वाढवला कुणी, हे मामाला पुरतं कळलं होतं. त्यानंतर टोळनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो बहिणीकडे गेला की ती आतल्या खोलीत. तो निवडीचा विषय काढत नसे, उंबऱ्याशी जरा बसून उठत असे.

पाय बरा झाल्यावर बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि चिमुरड्यांचा वर्ग तिच्या हाती दिला. वाजवायला अर्थात मामाच. ती आली की मान हलवायची, लय हातानं दाखवायची, जाताना दार ओढून घ्यायची. ठरवल्यासारखं एवढंच.

एक दिवस पोरींच्या उड्या चालू होत्या. कोपऱ्यातली एक ठेंगणी मुलगी जरा मागं पडली, आणि मामाची बोटं जुन्या सवयीनं तिच्यासाठी थबकली. टोळ पाठमोरी खिडकीशी उभी होती, अगदी बाईंसारखी. ती वळली नाही.

"थांबू नकोस, मामा," ती म्हणाली. "कोण मागं पडतंय ते मला ऐकू येऊ दे."

मामानं सूर सरळ केला. पुढच्याच उडीला ठेंगणीचा पाय उशिरा वाजला. टोळ तिच्यापुढं जाऊन गुडघ्यावर बसली आणि तिनं हलक्या आवाजात विचारलं, "कुठला गं दुखतो?" बाकीच्या पोरी उडत होत्या. मामा त्यांना उतरवून घेत राहिला.