कोमट पाण्यावरची पट्टी

मशीनचं चाक फिरवायच्या आधी सुषमा मेणाच्या ठोकळ्याजवळ तोंड नेते आणि चष्म्याच्या काचेवर आपण करतो तसं हळूच 'हाऽ' करते. त्या ठोकळ्यात कुणाच्या तरी शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा असतो. मग पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप एकाला एक चिकटून निघतात, त्यांची पट्टी कोमट पाण्यावर पसरते आणि तिच्यावर एकही सुरकुती नसते.

माझ्या पट्टीवर असते. खरं तर या लॅबमध्ये मी तिच्याहून जुनी, आणि तिला पातं धरायला शिकवलं तेही मीच. चोरून 'हाऽ'सुद्धा करून पाहिलं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता विचारतात, "ही स्लाइड सुषमाची ना?" तेव्हा माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू. हातातली कला मांजरासारखी असते. दूध कुणीही घालो, ती बसायची त्याच्याच मांडीवर जाऊन बसते.

परवा माझ्या ट्रेमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या गाठीचा ठोकळा आला. मी तो उचलून सुषमापुढे ठेवला.

"ताई, तुम्ही नाही कापत?"

"तूच काप."

तिनं 'हाऽ' केलं. पट्टी पाण्यावर अलगद पसरली. तिच्यात काय दडलंय हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बहिणीसाठी हात जोडायचे ते सोडून मी वाकून त्या पट्टीवर सुरकुती शोधत होते.