बांगडी कुठवर चढते

मावशी भेटल्या की 'कशा आहात' वगैरे भानगड नसे. स्वतःच्या हातातली पितळेची बांगडी काढायच्या आणि "बाई, हात दावा," म्हणत माझ्या हातात घालून कोपराकडे सरकवायच्या. सहज वर गेली की त्यांचं तोंड उतरायचं. "लय वर चढली, हात वाळला की. हंडा उचलला न्हाई वाटतं?"

आमची ओळख दवाखान्यातली. दोघींनाही एचआयव्ही. त्या जवळच्या कुरवंडे गावच्या, मोलमजुरी करणाऱ्या. मी लोणावळ्यात शाळेत शिकवणारी, नवऱ्यामागे एकटी राहणारी. आजारापेक्षा मला लोकांचीच धास्ती. बाजारात कुणी कौतुकाने "अगंबाई, किती बारीक झालीस!" म्हटलं की मी हात पदराआड लपवायचे. हिला कळलं की काय? उद्या शाळेत कळलं तर?

"गोळ्या लागू पडल्यात, आता अंगात ताकद आणा, चाला, वजन उचला," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण व्यायामाला जायचं कुठं? चार लोक बघणार! मावशींनी रविवारी मला आपल्या अंगणात बोलावलं. पाण्याचा हंडा, आधी पाव भरलेला, पुढे अर्धा. उचलायचा, छातीशी धरायचा, ठेवायचा. मग डोंगराची चढण. धाप लागली की मी घाबरून मटकन खाली बसायचे. वाटायचं, संपलं आपलं. त्या कमरेवर हात ठेवून हसायच्या. "आवो, चढनीला धाप म्हशीलाबी लागती. ती काय मरती व्हय?"

"गोळी आदी, हंडा मागनं," हे त्यांचं पालुपद. आणि नियम एकच: "रस्त्यात भेटलो तर वळख दावायची न्हाई."

पुढे त्या मुलाकडे कार्ल्याला राहायला गेल्या. घर एका खोलीचं, सून नवी. बरेच महिने दवाखान्यात दिसल्या नाहीत. मग एकदा कार्ल्याच्या बसथांब्यावर दिसल्या. पदर सावरायला त्यांनी हात वर केला आणि बांगडी घसरत पार कोपरापर्यंत गेली. माझ्या शेजारी शाळेत सोबत शिकवणारी मैत्रीण उभी होती. नियम गेला चुलीत! मी जाऊन त्यांचा हात धरला.

"मावशी, गोळ्या?"

त्यांनी मान खाली घातली. "खायच्या कुटं, बाई? सुनंसमोर?"

मला धीर देणारी ही बाई माझ्याइतकीच भेदरलेली होती.

"कोण गं या?" मैत्रिणीने विचारलं.

"माझ्या मावशी," मी म्हणाले आणि त्यांना तसंच दवाखान्यात घेऊन गेले.

पण उशीर झाला होता. टीबी अंगभर पसरला होता. वॉर्डात एका दुपारी त्यांनी बांगडी काढली, काढली कसली, ती आपणच घरंगळली, आणि माझ्या हातात घातली. मनगटाच्या जरा वर जाऊन ती थांबली.

"आडली!" केवढ्या खूश झाल्या. "ऱ्हाऊ द्या आता तितंच."

त्याच आठवड्यात मावशी गेल्या.

परवा भाजी घेताना कुणीतरी म्हणालंच, "बारीक झालीस गं!" मेली भीती काही जात नाही. पिशवी खाली ठेवली आणि भर बाजारात मी ती बांगडी वर ढकलली.

आडली.