आडवं ओघळलेलं कुंकू

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह तपासणीत पास झाला की मी हात वर करून ओरडायचे, "बसला!" म्हणजे आतली लोखंडी झडप जागेवर घट्ट बसली, गळती नाही. मग लेथवरचे, पॅकिंगचे, सगळे मागून ओरडायचे, "बसला!" मशीनच्या गोंगाटात माझा आवाज कुठला पोचतोय! वर गेलेला हात बघूनच ते ओरडायचे. माझ्या आधीपासूनची पद्धत, मीही चालू ठेवली.

हे व्हॉल्व्ह लांबच्या एका अणुवीज केंद्रात जायचे. पाणी पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्याच केंद्राच्या पंपघरात माझा धाकटा भाऊ कंत्राटावर लागलेला. त्यामुळे त्यातला एक व्हॉल्व्ह गळतो म्हणून परत आला, तेव्हा मला आधी भाऊच आठवला.

आतली रिंग बदलली, तपासला, बसला, पाठवला. काही महिन्यांनी तोच दारात हजर. पुन्हा रिंग, पुन्हा रवाना, पुन्हा परत. दर वेळी ऑफिसातून तिकडे उत्तर जायचं, "कामगारांना समज दिली आहे." अहो, कामगार म्हणजे मीच ना! मला कुणी कधी, काय समज दिली? शेठनी एकदा स्वतः चहा आणून दिला होता, तीच असेल बापडी.

त्या खेपेला नेमकी खंडेनवमी आली. मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. माझ्या टेबलावर तो व्हॉल्व्ह उभा होता. त्याच्याही अंगावर, नावाच्या पट्टीखाली, तेलकट बोटानं चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि पुटपुटले, "बाबा रे, तिकडं माझा भाऊ आहे. आता तरी नीट वाग."

थंडीत तो परत आला. खोकं उघडून मी त्याला नेहमीसारखा टेबलावर उभा केला. कुंकू ओघळलं होतं, पण खाली नाही. पट्टीच्या बाजूनं, पार कडेपर्यंत, सरळ लाल रेघ गेलेली. ओघळ असा आडवा जातो होय? मी खुळ्यासारखी मान वाकडी करून बघत राहिले. मान पुरती कलली तेव्हा कुठे तो ओघळ खाली आला.

म्हणजे तिकडं हा आडवा बसवलेला होता, आणि आम्ही त्याला कायम उभा करून तपासत आलो होतो. उभा असला की झडप आपल्या वजनानं खाली बसते. आडवा पडला की तिला बसवणार कोण?

मी तो आडवा केला, हवेचा दाब सोडला. बारीक शिट्टी वाजायला लागली. दात आवळून कुणी कानाशी श्वास सोडावा, तशी. भीतीच वाटली मला, खरं सांगते.

शेठला बोलावलं. शेठ इथल्याच जुन्या शेतकरी घरातले, मनानं वाईट नाहीत. वाकून कान लावला त्यांनी.

"मला तर काय ऐकू येत न्हाई, ताई."

"शेठ, वाजतेय की! आणि हे कुंकू बघा."

"कॉम्प्रेसर असंल. कुंकवाचं म्हणशील तर ट्रकमधी आडवा पडला असंल. रिंग बदल अन् दे पाठवून."

ट्रकमध्ये ते भिजवायला पाणी कुठून आलं, हे मी विचारेपर्यंत ते ऑफिसात गेलेही.

काळेवाडीला घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी भावाला फोन लावला. त्याचा आवाज पार बसलेला.

"घशाला काय झालं रे?"

"काही नाही गं ताई, पंपघरात ओरडून बोलावं लागतं."

"तो गळका व्हॉल्व्ह तिकडं आडवा बसवतात का रे?"

"तोच कशाला? सगळेच आडवे आहेत. जागाच तशी आहे."

"मग शिट्टी वाजते का रे तिथं?"

"कसली शिट्टी?" मग त्याला आठवलं. "हां, ती होय! नवीन होतो तेव्हा यायची ऐकू. आता कुणालाच येत नाही."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी टेबलावर नवे व्हॉल्व्ह ओळीनं उभे होते, आजच जायचे होते. मी पहिलाच उचलून आडवा केला, हवा सोडली. शिट्टी. तीच. म्हटलं, आता सगळ्यांनाच ऐकवते, बघू कोण नाही म्हणतं. मशीन थांबवा म्हणून सांगायला मी हात वर केला.

"बसला!" लेथवरून आवाज आला.

"बसला!" पॅकिंगवाला ओरडला, आणि व्हॉल्व्ह न्यायला पुढे आला.

मी दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह धरून ठेवला आणि जीव खाऊन ओरडले, "नाही बसला!"

मागून सगळे एका सुरात ओरडले, "बसला!"