शेजारच्या छतावरची झोप

फूलबागेजवळच्या आमच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. तो घोष अजून कानांत आहे. मंडळी, लढाईवर गेलेल्या मुलाच्या काळजीनं रात्री जाग आली, की मी त्याच कविता पुटपुटतो आणि हळूहळू डोळा लागतो.

काल मात्र पाठ होत्या तेवढ्या कविता संपल्या, झोप काही आली नाही.

पलीकडच्या छतावर शेजारचे नाना चादर ओढून निपचित पडलेले. त्यांचा मुलगाही माझ्या मुलाच्याच पलटणीत, त्याचंही पत्र नाही. तरी या माणसाला झोप येते कशी? खरं सांगतो, माझा अगदी जळफळाट झाला. त्यात आमची ही म्हणाली, "नाना बघा कसे निवांत झोपलेत! नाहीतर तुम्ही, रात्रभर खाट करकरवता."

कुणाच्या झोपेचा असा हेवा तुम्हांला कधी वाटलाय का, असं आत्ता विचारणारच होतो, तेवढ्यात कडी वाजली. दारात नाना, डोळे लालभडक.

"भाऊसाहेब, आज माझी खाट तुमच्या छतावर टाकू द्या. झोप येत नाही हे आमच्या हिला कळू नये म्हणून रात्र रात्र न हलता पडून राहतो. आता नाही जमत हो."