रोदूचं लपवलेलं पातेलं

रोदूच्या घरी कुणी आलं की आधी पातेलं नाहीसं व्हायचं.

फाटकाची कडी वाजायचा अवकाश, कोण आलंय हे कळायच्या आत तिनं शेगडीवरचं पातेलं फडक्यात धरून उचललेलं असायचं. कधी ते ओव्हनमध्ये जायचं, कधी न्हाणीघरात बादलीमागे. एकदा जानेवारीत पाद्रीबाबा घरोघर तीर्थ शिंपडत नेमके जेवणाच्या वेळेला येऊन ठेपले. तेव्हा तिनं पातेलं पलंगाखाली सरकवलं आणि वरून नवऱ्याचा कोट सोडला. बाबांनी पलंगावर तीर्थ शिंपडलं, जरा थांबले, हुंगल्यासारखं केलं आणि या खोलीत मनाला फार बरं वाटतं म्हणाले. बाबांचाही तो उपासाचा दिवस. सकाळपासून पायपीट करून त्यांच्या पोटात कावळे ओरडत असणार. पण रोदूनं त्यांना बाहेरच्या खोलीत मखमली खुर्चीवर बसवून पाकातला अक्रोड आणि गार पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पातेल्यात असायची चवळी. नाहीतर मसूर-भात, नाहीतर पांढरा घेवडा गाजर घालून. बुधवार आणि शुक्रवार उपासाचे, त्या दिवशी मांस-मच्छी, दूध-अंडं काही नाही, आणि सोमवारीही हेच, कारण रविवारच्या मांसानंतर पोटाला आराम हवा असं तिच्या आईचं म्हणणं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून हा क्रम चुकला नव्हता. पाफोस शहराच्या खाली समुद्राकडे केळीच्या बागांत ती वर्षानुवर्षं कामाला जायची. भल्या पहाटे गाडी यायची, आणि त्याआधी चवळी शिजून तयार असायची. दुपारी बागेत बायका डबे उघडायच्या तेव्हा रोदूच्या डब्याभोवती चमचे घेऊन गर्दी व्हायची. कुणी विचारलंच की अगं, तुझीच एवढी मऊ कशी होते, तर ती म्हणायची, मी तिच्या मागे लागत नाही म्हणून.

ते खरंच होतं. पहिल्या उकळीचं काळं पाणी ओतून द्यायचं, दुसरं घालायचं, आणि मग मंद आचेवर ठेवून विसरल्यासारखं करायचं. रोदू विसरायची मात्र नाही. अंगणात कपडे वाळत घालताना, नवऱ्याशी, वार्नावासशी, भांडताना तिचं अर्धं लक्ष त्या उकळीच्या आवाजावर असायचं. आवाज जरा जाड झाला की ती आत जाऊन बिटाच्या जातीचा तो रुंद पाला टाकायची, आधी देठ, मग पानं. पाणी निथळून ताटात वाढलं की वरून कच्चं ऑलिव्हचं तेल, सढळ हातानं, आणि लिंबू. कांदा सुरीनं कापलेला तिला चालायचा नाही, मुठीनं फोडायचा. चवळीही तिच्याच शेताच्या तुकड्यातली, वरच्या पावसावर आलेली, बारीक दाण्याची. दर साली बियाण्यापुरते दाणे ती वेगळे काढायची आणि दुकानातल्या चवळीकडे बघून फक्त नाक उडवायची.

अशी बाई पातेलं का लपवते, हे नव्यानं कुणी आलं तर त्याला नवल वाटलं असतं. गावात कुणाला वाटत नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला चवळी वाढत नाहीत. चवळी घरच्यांची. पाहुण्यापुढे मांस यायला हवं, भट्टीतलं, सळईवरचं, काहीही, पण मांस. गावातल्या सगळ्याच बायका एवढं पाळतात, रोदूचं जरा जास्तच होतं, आणि त्यालाही कारण होतं. ती लहान असताना तिच्या थोरल्या बहिणीला बघायला पलीकडच्या गावाहून माणसं आली, सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच. वडील नुकतेच गेलेले. घरात चवळी होती, आईनं तीच वाढली. माणसांनी पोटभर खाल्ली, हात पुसले, गेली, आणि नंतर निरोप काही आला नाही. कारण कदाचित दुसरंच असेल. पण चवळी वाढली आणि सोयरीक मोडली, असं गाव पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिलं. बहिणीचं लग्न उशिरा झालं, लांब झालं. पाण्याच्या टाकीजवळ बायका हे बोलायच्या तेव्हा आईचा चेहरा कसा व्हायचा, ते रोदूनं पाहिलं होतं.

आणि आता तिच्या स्वतःच्या घरात सोयरीक ठरायच्या बेतात होती. झेनोन, तिचा एकुलता एक मुलगा, छपरांवर सौर बंब बसवायचं काम करायचा. त्यानं आपणहून मुलगी पाहिली होती, राफाएला. पाफोसला जाताना फाट्यावर जे बर्गरचं दुकान आहे, तिथल्या भटारखान्याची ती मुख्य. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, कोपराखाली हातांवर तेलाच्या शिंतोड्यांचे डाग. रोदूला ती पहिल्याच दिवशी आवडली. त्या दिवशी रोदूनं डुकराचं मांस आणि बटाटे भट्टीत ठेवले, द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळ्या केल्या, सोनेरी काठाच्या बश्या काढल्या. मुलगी सगळं नीट जेवली आणि उठून बश्या धुवायला गेली, तर रोदूनं तिला हाताला धरून परत मखमली खुर्चीवर आणून बसवलं.

पुढे मात्र राफाएला न सांगता येऊ लागली. दुकानात पाळी बदलली, मधे दोन तास मिळाले, की स्कूटर काढून यायची. नेमकी बुधवारी, शुक्रवारी. घरात मांसाचा तुकडा नसायचा, आणि उपास घरच्यांचा, पाहुण्याला तो लागू नाही, असं रोदूचं म्हणणं. मग रोदू पातेलं लपवायची आणि वार्नावासला डोळ्यांनी खूण करायची. तो बिचारा जेवणासाठी हात धुवून बसलेला असायचा. मुकाट्यानं उठायचा, पिकअप काढायचा आणि बर्गर घेऊन यायचा. गावाजवळ तेवढं एकच दुकान, त्यामुळे ते राफाएलाच्याच दुकानातले असायचे. तिच्याच हाताखालच्या पोरींनी तिच्यासाठी बांधून दिलेले.

रोदूला यात काही वावगं वाटत नव्हतं. बर्गरबद्दल तिला आदरच होता. चकचकीत खोका, दुमडलेला कागदी रुमाल, आत मांस, शिवाय मुलगी स्वतः तेच बनवते म्हणजे तिला ते आवडत असणारच. राफाएला खोका उघडायची, खायची, आभार मानायची. रोदू आणि वार्नावास समोर बसून म्हणायचे, आम्ही मघाशीच जेवलो. त्याच्या पोटातून आवाज येत असायचे. मुलगी ते ऐकायची.

मग एका गुरुवारी झेनोन कामावरून आला आणि हातातली पक्कड टेबलावर ठेवून म्हणाला की राफाएलाला वरचा मजला नको आहे. तो मजला वार्नावासनं त्या दोघांसाठी बांधायला घेतला होता, भिंती उभ्या झाल्या होत्या. आता ती लिमासोलला भाड्यानं राहू म्हणत होती, आणि त्याहीपेक्षा, एकूणच थांबू या म्हणत होती.

"तुझ्या आईला मी नको आहे, असं म्हणते."

रोदूला खरंच कळेना. ती म्हणाली, अरे, मी तिला एकदा तरी मांसावाचून परत पाठवलं का? झेनोन म्हणाला, मला काय माहीत, तुम्हा बायकांचं तुम्ही बघा. आणि तो गच्चीवर जाऊन बसला. रोदूनं मनाशी ठरवलं की रविवारी सळईवरचं मांस करायचं, बकरीचं चीज आणायचं, काही बाकी ठेवायचं नाही. मुलीला कमीपणा कुठे वाटला असेल तर तो धुवून निघेल.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी, शुक्रवारी, राफाएला आली. या वेळी फाटकाची कडी वाजली नाही. स्कूटर रस्त्यावरच ठेवून ती मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. रोदू नुकतीच पातेलं टेबलाकडे आणत होती. दारात सावली पडली तसं तिनं ते जवळच्या खुर्चीवर टेकवलं, खुर्ची टेबलाखाली लोटली आणि टेबलावरचं लांब कापड खाली ओढलं. आयुष्यात एवढ्या चपळाईनं तिनं ते कधी लपवलं नव्हतं.

"ये पोरी. बाहेर बस ना, इथे कुठे पसाऱ्यात."

"नको मावशी. मला थोडंच बोलायचंय. बोलते आणि जाते."

आणि ती समोरची खुर्ची ओढून तिथेच बसली. बसताना गुडघा पुढे गेला आणि ती एकदम दचकून मागे सरली. गुडघा चोळत तिनं कापड उचलून पाहिलं. पातेल्यातून वाफ येत होती.

"हे काय आहे?"

"काही नाही गं," रोदू म्हणाली. "कुत्र्याचं आहे."

राफाएलानं टेबलावर पाहिलं. दोन खोलगट बश्या, चिरलेली लिंबं, तेलाची बाटली, फोडलेला कांदा.

"मावशी, तुमच्याकडे कुत्रा नाहीये."

रोदू लाल झाली. तिला हसूही येईना आणि रडूही. आपल्या हातच्या सगळ्यात चांगल्या पदार्थाला आपणच कुत्र्याचं म्हटलं, हे तोंडातून निघून गेल्यावर तिच्या कानांना ऐकू आलं. मग पुढचं बोलणं आपोआप आलं. वार्नावास आत्ता येईल, त्याला पाठवते, तू दहा मिनिटं बस, तो ते तुझ्या आवडीचं घेऊन येईल.

राफाएलानं कापड हातातून सोडलं नव्हतं. हळूच म्हणाली की तिला ते आवडत नाही. दिवसभर त्याच वासात उभी असते, रात्री केस धुतले तरी उशीला तो वास येतो. वाईट नसतं ते. लोक आवडीनं खातात, तीही मन लावून करते. पण ती इथे येते ती बर्गर खायला नाही.

"मग सांगायचं नाही का," रोदू म्हणाली.

"काय सांगणार? आमच्याकडेही परक्याला चवळी वाढत नाहीत, मावशी. म्हणून तर मला कळलं."

रोदू उभीच होती. राफाएला टेबलाकडे बघून बोलत राहिली. तिची आजी होती तोवर घरात चवळी व्हायची. आजी गेली, आई हॉटेलात दोन-दोन पाळ्या करायची, मग रोज खोकाच. इथे पहिल्यांदा आली त्या दिवशी मांस होतं, ते बरोबरच होतं, पहिल्यांदा आलेल्याला तेच वाढायचं असतं. पण नंतरही तेच. प्रत्येक वेळी घरात शिरताना वास यायचा, चवळीचा, पाल्याचा, आणि प्रत्येक वेळी समोर खोका यायचा. तिला वाटायचं, आज तरी काढतील. आज तरी मला पाहुणी धरणार नाहीत.

"तुम्ही उपाशी बसायचात," ती म्हणाली, "पण माझ्यासमोर ते पातेलं काढायचा नाहीत."

हे रोदूला लागलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, पातेलं दिसलं तर सोयरीक मोडेल. आता मुलगी उठायच्या बेतात होती आणि पातेलं टेबलाखालीच होतं. तिला आईचा चेहरा आठवला, टाकीजवळचा. हात पुढे जाईना. चवळी वाढायची, भावी सुनेला, शुक्रवारी, एक साधा मासळीचा डबासुद्धा न फोडता. गाव काय म्हणेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो येऊन गेला तरी मुलगी अजून बसलेली होती.

रोदूनं खुर्ची ओढली. पातेलं टेबलावर ठेवलं. सोनेरी काठाच्या बश्यांच्या कपाटाकडे तिची नजर गेली, पण ती तिकडे वळली नाही. समोर होती त्यातलीच एक खोलगट बशी उचलून तिनं भरली.

"नुसती चवळीच आहे, काही..." असं ती म्हणायला लागली आणि वाक्य अर्धंच टाकून तिनं पाव पुढे सरकवला.

राफाएलानं लिंबू पिळलं, तेलाची बाटली उचलली आणि चार थेंब टाकून खाली ठेवली.

"हे काय, औषध घेतेस का?" रोदू म्हणाली. "ओत. आपल्याच झाडांचं आहे."

मुलीनं ओतलं. मग ती जेवली. पावानं बशी पुसली आणि बशी पुढे केली, आणि रोदूनं पुन्हा भरली. दुसऱ्यांदा भरताना रोदूचा हात सैल झाला होता. पाल्याचे देठ आधी टाकायचे हे आजी करायची का, असं तिनं विचारलं. राफाएला म्हणाली, आजी देठ टाकूनच द्यायची. रोदू म्हणाली, मग तुझी आजी मोठ्या घरची असणार. दोघी हसल्या.

तेवढ्यात वार्नावास कॉफीच्या दुकानातून आला. दारातच थबकला. टेबलावर पातेलं, उघडं. पाहुणी बशीवर वाकलेली. त्यानं बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि सवयीनं खिशातून पिकअपची किल्ली काढली.

"निघू का?"

"कुठे?"

"आणायला."

"काही आणायचं नाहीये. हात धू."

तो हात धुवून बसला. रोदूनं पातेलं तिरकं करून खरवडलं. दोघांपुरतीच केलेली चवळी. त्याच्या बशीत जेमतेम पळीभर पडली, त्यातही पालाच जास्त. वार्नावासनं बशीकडे पाहिलं. मग राफाएलाच्या बशीकडे.

"पोरी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी जरा फोन करून येत जा."

"फोनबिन काही करायचा नाही," रोदू म्हणाली, आणि पावाचा मोठा तुकडा मोडून तिनं त्याच्या बशीत टाकला.